खुनाच्या गोष्टी ऐकायला आवडतात म्हणजे माझ्यात काही बिघडलंय का?

प्रश्न विचारणारीने लिहिलंय की रोज रात्री खऱ्या खुनांवरचा पॉडकास्ट लावल्याशिवाय तिला झोप लागत नाही, नवरा म्हणतो हे विकृत आहे, आणि एपिसोड संपला की तिला स्वतःलाही अपराधी वाटतं, कारण कुणाचा तरी खरंच जीव गेलेला असतो आणि आपण ते करमणूक म्हणून ऐकलेलं असतं. तर मग हे आवडतं का, आणि यात काळजी करण्यासारखं काही आहे का?

आधी सरळ उत्तर देते. नाही, तुमच्यात काही बिघडलेलं नाही. जगभर लाखो लोक हेच ऐकतात, बघतात, वाचतात, आणि त्यातले जवळपास सगळे मुंगी मारतानाही विचार करणारे असतात.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे हिंसेतून वाचलेल्या बायका येतात, ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलंय असे लोक येतात, आणि झोप न लागणारे, सतत धास्तावलेले असेही भरपूर येतात ज्यातले कितीतरी जण मान खाली घालून हळूच सांगतात की मी ट्रू क्राइम, म्हणजे खऱ्या गुन्ह्यांवरचे कार्यक्रम, खूप बघते, किंवा बघतो. या सगळ्यांशी बोलून बोलून माझं एक मत पक्कं झालंय, की लोक या गोष्टींकडे रक्त बघायला येत नाहीत, ते एक प्रश्न घेऊन येतात: "मला आधी ओळखता आलं असतं का?" बाकी कारणं आहेतच, तीही सांगते, पण मुळाशी हा प्रश्न असतो. आणि अडचण अशी आहे की नेमकं याच प्रश्नाचं उत्तर हे कार्यक्रम बरेचदा चुकीचं देतात, म्हणून त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

आता "हल्लीच्या लोकांना काय झालंय" असं जे म्हणतात ना, त्यांच्यासाठी थोडं जुनं. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात प्लेटोने लेओन्टियस नावाच्या माणसाची गोष्ट लिहून ठेवलीय. तो अथेन्सला परत येत असताना रस्त्यात त्याला मृत्युदंड दिलेल्या लोकांची प्रेतं पडलेली दिसतात, त्याला बघायचंही असतं आणि स्वतःची किळसही येते, तो तोंड झाकून घेतो, बराच वेळ स्वतःशी भांडतो आणि शेवटी डोळे फाडून प्रेतांकडे धावत जातो आणि स्वतःच्याच डोळ्यांना शिव्या देतो की घ्या, बघा पोटभर. तुमचं अपराधीपण आणि त्याचं अपराधीपण यात मला काही फरक दिसत नाही. पुढे 1617 साली चीनमध्ये झांग यिंगयू नावाच्या लेखकाने ठकबाजीच्या गोष्टींचा संग्रह काढला, फसवणुकीच्या प्रकारांप्रमाणे 24 भाग पाडून, आणि गोष्टींना स्वतःची टिप्पणी जोडून, की इथे सावध व्हायला हवं होतं. म्हणजे वाचायला मजा आणि सोबत "तू असा फसू नकोस" हा सल्ला, हा जो मेळ आज प्रत्येक एपिसोडमध्ये असतो तो चारशे वर्षांपूर्वीही होता. लंडनमध्ये 1868 पर्यंत फाशी उघड्यावर दिली जायची आणि तिथे गर्दीत आरोपीच्या गुन्ह्याची छापील पानं विकली जायची. तेव्हा माणूस तोच आहे, फक्त पूर्वी त्याला गर्दीत उभं राहावं लागायचं आणि आता कानात इअरफोन घालून अंथरुणात पडून हे करता येतं.

बरं, मग आवडतं का.

पहिली गोष्ट कुतूहल. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या सुझान ओस्टरविक यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला ज्यात लोकांना कुठला फोटो मोठा करून बघायचा ते निवडायला दिलं होतं, आणि कुणाचीही सक्ती नसताना लोक मुद्दाम हिंसा, मृत्यू, इजा असलेले फोटो निवडत होते, विशेष म्हणजे ज्यात माणसं आहेत असे. आपल्याला वाटतं की माणूस आनंददायक गोष्टीकडे जातो आणि दुःखदायक गोष्टीपासून पळतो, पण तसं नेहमी होत नाही, ज्यातून काहीतरी कळेल असं वाटतं तिकडेही आपण जातो, भले ते बघून वाईट वाटणार असेल तरी. कोल्टन स्क्रिव्हनर या संशोधकाने 2021 मध्ये अशा कुतूहलाची मोजपट्टी तयार केली आणि त्यात चार वेगवेगळे कप्पे निघाले. धोकादायक माणसांच्या मनाबद्दलचं कुतूहल, प्रत्यक्ष हिंसेबद्दलचं, शरीराच्या चिरफाडीबद्दलचं आणि भुताखेतांच्या भीतीबद्दलचं. हे चार एकमेकांशी जोडलेले असले तरी एकच नाहीत. माझ्या अनुभवात ट्रू क्राइम ऐकणाऱ्यांना विचारलं की सगळ्यात जास्त काय आवडतं, तर बहुतेक जण पहिल्याच कप्प्यातलं काहीतरी सांगतात: तो असा का झाला, त्याच्या डोक्यात काय चालू होतं, शेजाऱ्यांना कळलं कसं नाही. जखमांचं वर्णन आलं की पुढे ढकलणारे लोक मला कितीतरी भेटलेत. एकदा हे समजून घेतलं की "तुला रक्तपात आवडतो" हा आरोप किती चुकीच्या जागी मारलेला आहे ते कळतं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, बायका. ट्रू क्राइमच्या श्रोत्यांमध्ये बायका जास्त असतात हे आता बऱ्याच जणांना माहितीय, पण का यावर अमांडा व्हिकरी आणि क्रिस फ्रेली यांचा 2010 चा अभ्यास मला अजूनही सर्वात उपयोगी वाटतो. त्यांनी आधी हे दाखवलं की हिंसेची दोन पुस्तकं समोर ठेवली, एक खऱ्या खुनाचं आणि एक युद्धाचं किंवा गँगचं, तर बायका पुरुषांपेक्षा खुनाचं पुस्तक जास्त निवडतात, म्हणजे नुसती हिंसा हे कारण नाही. मग त्यांनी पुस्तकांच्या वर्णनात छोटे छोटे बदल केले, आणि जिथे बळी पडलेल्या बाईने सुटण्यासाठी काय युक्ती केली ते सांगितलंय, जिथे खुनी असा का वागला याचा उलगडा आहे, जिथे बळी स्त्री आहे, तिथे बायकांची पसंती वाढली. सुटका, कारण, आणि माझ्यासारखीच कुणीतरी. यात करमणूक आहे पण ती अभ्यासासारखी करमणूक आहे.

एका बाईने मला सांगितलं होतं की ती एपिसोड ऐकताना मधेच पॉज करते आणि स्वतःला विचारते, इथे मी काय केलं असतं. ती आधी एका फार वाईट नात्यातून बाहेर पडलेली होती. तिला नातेवाईक म्हणायचे, एवढं सगळं भोगलंस आणि परत तेच काय ऐकत बसतेस. पण तिच्यासाठी ते तेच नव्हतं. तिच्या स्वतःच्या आयुष्यात जे झालं त्याला सुरुवात-मधला भाग-शेवट असं काही नव्हतं, नुसता गोंधळ होता, कुणी विश्वास ठेवला नव्हता, पोलिसांपर्यंत काही गेलंच नव्हतं. आणि इथे कुणीतरी शांत आवाजात, तारखांसकट, क्रमाने सांगतंय की याने आधी हे केलं, मग हे, आणि हे चूक होतं. तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही पण या गोष्टीतल्या बाईवर ठेवला जातोय. हे मी बऱ्याच जणींच्या बाबतीत बघितलंय आणि म्हणून एखादी वाचलेली बाई हे ऐकते म्हटल्यावर लगेच बंद कर असं मी कधीच सांगत नाही, आधी विचारते की ऐकल्यावर कसं वाटतं.

तिसरं शरीराचं कारण, त्यावर थोडक्यात. भीती वाटली की हृदयाचे ठोके वाढतात, शरीर तयार होतं, आणि धोका खरा नाही हे मनाला माहीत असलं की तीच उत्तेजना नंतरच्या सुटकेच्या भावनेला आणखी जोर देते, डॉल्फ झिलमन यांनी 1970 च्या दशकातच हे मांडलं होतं. पॉल रोझिन यांनी तर रडवणारे सिनेमे, तिखट, भीतिदायक आकाशपाळणे या सगळ्यांना मिळून एक नाव दिलं, निरुपद्रवी आत्मपीडन, म्हणजे शरीर ओरडतंय पळ आणि मन म्हणतंय काही होत नाही. ठीक आहे, हे खरं आहे, पण हे हॉरर सिनेमालाही लागू पडतं आणि क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरलाही, त्यामुळे एवढ्याने ट्रू क्राइम समजत नाही.

चौथं म्हणजे उत्तर मिळण्याची ओढ. जॉर्ज लोवेनस्टीन यांनी 1994 मध्ये म्हटलं होतं की आपल्याला जे माहीत आहे आणि जे जाणून घ्यायचंय यातली फट दिसली की ती टोचायला लागते, आणि भरल्याशिवाय चैन पडत नाही. खुनाच्या गोष्टीत ही फट पहिल्या मिनिटाला उघडतात आणि शेवटच्या मिनिटाला बुजवतात. खऱ्या आयुष्यात कुणी आपल्याशी वाईट का वागलं हे कधीच कळत नाही, इथे मात्र चाळीस मिनिटात कोण, कसं, का, आणि शिक्षा किती, सगळं हातात. तुम्हाला झोप लागते ती बहुधा याच्यामुळे. मला हे फार जण विचारतात, की खुनाच्या गोष्टीने झोप कशी लागू शकते, उलट उडायला हवी. पण बघा ना, रोजचा तोच ओळखीचा आवाज, एकाच लयीत बोलणारा, ज्याच्याशी आपली एकतर्फी का होईना मैत्री झालेली असते (हॉर्टन आणि वोल यांनी अशा एकतर्फी नात्याबद्दल 1956 मध्येच लिहून ठेवलंय, तेव्हा टीव्ही नवा होता), गोष्टीचा ठरलेला साचा, आणि शेवटी गुन्हेगार तुरुंगात. दिवसभराच्या ज्या चिंतांना शेवटच नसतो, त्या डोक्यात गोल गोल फिरतात, आणि त्यांच्या जागी एक अशी चिंता येते जी दुसऱ्याची आहे आणि जिचा शेवट लागणार आहे. डोकं तिला धरून झोपी जातं.

इथपर्यंत सगळं ठीक. आता माझी तक्रार.

"मला ओळखता आलं असतं का" या प्रश्नाला गोष्ट नेहमी उत्तर देते की हो, नीट बघितलं असतं तर. कारण गोष्ट सांगणाऱ्याला शेवट माहीत असतो आणि तो मागे जाऊन सगळे इशारे गोळा करतो, तो लहानपणी प्राण्यांना त्रास द्यायचा, त्याची नजर विचित्र होती, त्या दिवशी तो नेहमीपेक्षा गप्प होता. मग ऐकणाऱ्याच्या तोंडून नकळत निघतं, "अगं तिला कळलं कसं नाही?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, चांगल्या, मायाळू लोकांच्या तोंडून. मेल्विन लर्नर यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिलं की निरपराध माणसाला त्रास होताना बघितलं आणि आपण तो थांबवू शकत नसलो तर आपण त्या माणसालाच कमी लेखायला लागतो, कारण जग न्याय्य आहे हा विश्वास सोडायला आपण तयार नसतो. तिने काहीतरी चूक केली असेल तर मी ती चूक करणार नाही, म्हणजे मी सुरक्षित. असा हिशेब मनात आपोआप होतो. त्याची किंमत मात्र ती मोजते जी गेली, आणि तिच्यासारख्या ज्या अजून जिवंत आहेत त्या, कारण त्यांनाही कळतं की आपण बोललो तर लोक हेच विचारणार.

आणि खरं म्हणजे चेहऱ्यावरून, नजरेवरून ओळखता येतच नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये खोटं ओळखण्यावरचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र केले, हजारो लोक होते त्यात, आणि सरासरी अचूकता निघाली 54 टक्के. नाणं उडवलं तर 50. पोलीस, न्यायाधीश, मानसशास्त्रज्ञ, म्हणजे आम्हीसुद्धा, सामान्य माणसापेक्षा फार काही वेगळे नाही त्यात. त्यामुळे डॉक्युमेंटरीत आरोपीचा व्हिडिओ थांबवून "बघा, इथे त्याच्या डोळ्यात भाव नाहीत" असं कुणी तज्ज्ञ सांगायला लागला की माझं डोकं तापतं. शेवट माहीत नसताना तोच व्हिडिओ दाखवा आणि मग सांगा.

कबुलीचं पण तेच. गोष्टीत कबुली आली की आपल्याला हायसं वाटतं, झालं, सापडला. पण गुन्ह्याच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला तो 1986 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमधल्या दोन मुलींच्या खुनाच्या केसमध्ये, आणि शास्त्रज्ञ अॅलेक जेफ्रीज यांच्या डीएनए चाचणीने सर्वात आधी काय सिद्ध केलं, तर ज्या 17 वर्षांच्या मुलाने कबुली दिली होती तो निर्दोष आहे. खरा माणूस नंतर सापडला.

दुसरी मोठी गडबड म्हणजे धोका कुठे आहे हे चुकीचं शिकवलं जातं. सिरीयल किलर, अनोळखी माणूस, अंधारी वाट, पार्किंग. संयुक्त राष्ट्रांचे आकडे बघा, 2023 मध्ये जगात साधारण 85,000 बायका आणि मुलींचे खून झाले आणि त्यातले 51,100, म्हणजे 60 टक्के, जोडीदाराने किंवा घरातल्याच कुणीतरी केले. रोज सरासरी 140. आणि एकूण खुनांमध्ये बळी पडणारे सुमारे 80 टक्के पुरुष असतात, ज्यांच्यावर हे कार्यक्रम फारसे येतच नाहीत कारण त्यात गूढ नसतं, भांडण असतं, टोळी असते, दारू असते, पैसा असतो. जॉर्ज गर्बनर यांनी टीव्हीबद्दल 1970 च्या दशकात जे सांगितलं, की खूप हिंसा बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा जास्त क्रूर वाटायला लागतं, ते मला इथे दुहेरी लागू पडताना दिसतं. बाहेरचं जग जास्त भयानक वाटतं, आणि घरातलं जे खरंच भयानक आहे ते त्या मानाने साधं वाटतं. एक बाई मला म्हणाली होती, माझा नवरा काही त्या कार्यक्रमातल्यासारखा नाहीये हो, फक्त रागात गळा धरतो. फक्त.

आणि हे "फक्त" किती गंभीर आहे ते मला इथे नीट सांगायचंय, कारण ट्रू क्राइम ऐकणाऱ्यांना इशारे ओळखायला आवडतात ना, तर मग खरे इशारे शिका. जॅकलिन कॅम्पबेल या नर्स आणि संशोधिकेने 1980 च्या दशकात नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून जिवाला किती धोका आहे हे तपासायची एक प्रश्नावली बनवली, जी अजूनही बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. त्यात नजरेबद्दल, लहानपणीच्या विचित्रपणाबद्दल काही नाही. त्यात विचारतात की मारहाण वाढत चाललीय का, त्याच्याकडे बंदूक आहे का, तुम्ही गेल्या वर्षात त्याला सोडलं होतं का, तो तुमच्या रोजच्या बारीकसारीक गोष्टींवर ताबा ठेवतो का, त्याने कधी तुमचा गळा दाबलाय का, मारून टाकीन म्हणतो का, पाळत ठेवतो का. 2008 मध्ये नॅन्सी ग्लास आणि कॅम्पबेल यांच्या टीमने अमेरिकेतल्या केसेसचा अभ्यास करून दाखवलं की जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटीहून जास्त वाढलेली असते. सात पट. खूण बरेचदा दिसतसुद्धा नाही बाहेरून. आणि सोडून जाण्याची वेळ ही सगळ्यात धोक्याची, विशेषतः तो ताबा ठेवणारा असेल तर, म्हणून "मग ती सोडून का नाही गेली" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा हे असतं की तिला धोका आपल्यापेक्षा जास्त चांगला कळत होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने असा ताबा ठेवणं, पैसे अडवणं, लोकांपासून तोडणं, हाही स्वतंत्र गुन्हा ठरवला, हात न उचलता केलेला असला तरी.

अनोळखी माणसाच्या बाबतीतही काय कामी येतं ते एका प्रसिद्ध केसमधून सांगते. टेड बंडी हा अमेरिकन सिरीयल किलर, ज्याला 1989 मध्ये फ्लोरिडात मृत्युदंड दिला गेला, त्याच्याबद्दल नेहमी सांगतात की तो देखणा होता, हुशार होता, जादू करायचा. 14 जुलै 1974 ला वॉशिंग्टन राज्यातल्या सॅममिश तलावावर तो हात दुखावल्यासारखा गळ्यातल्या झोळीत अडकवून फिरत होता आणि बायकांना म्हणत होता की मला गाडीवर बोट चढवायला मदत करता का. त्या दिवशी तिथून दोघी गायब झाल्या. पण एक जण गाडीपर्यंत जाऊन परत फिरली. तिने त्याच्या डोळ्यात काही वाचलं म्हणून नाही, गाडीजवळ बोटच नव्हती, आणि तो म्हणाला बोट आईवडिलांच्या घरी आहे, थोडं वर जावं लागेल, म्हणजे मागणी बदलली, आणि ती म्हणाली मला नाही जमणार. ज्या दोघी गेल्या त्यांची काहीही चूक नव्हती, जखमी माणसाला मदत करणं ही चूक नसते, त्याने त्यांच्या चांगुलपणाचाच वापर केला. पण शिकायचं असेल तर एवढंच शिकता येतं की माणूस कसा दिसतो ते सोडा, तो जे सांगतोय आणि जे समोर आहे ते जुळतंय का बघा, मागणी हळूहळू बदलतेय का बघा, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर तो काय करतो ते बघा. नाही ऐकून घेणारा आणि नाही ऐकून मागे लागणारा, हा फरक मला माझ्या सगळ्या कामात नजर, आवाज, हसणं या सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडलाय, आणि घरातल्या माणसालाही तो तसाच लागू होतो.

अपराधीपणाबद्दल आता. ते पूर्ण काढून टाका असं मी म्हणणार नाही, त्यात काहीतरी बरोबर आहे. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याबरोबर मी बसलेय. त्यांना कुणीतरी लिंक पाठवतं की बघा तुमच्या मुलीवर एपिसोड आलाय, आणि त्यात दोन अनोळखी माणसं हसत हसत तिच्या शेवटच्या तासाबद्दल बोलत असतात, मधे गादीची जाहिरात येते. आईला विचारलेलं नसतं. खुन्याचं नाव सगळ्यांना पाठ, मुलीचं नाव चुकीचं उच्चारलेलं. असं असेल तर तुम्हाला जे टोचतं ते टोचू द्या आणि तो कार्यक्रम बंद करा. पण काही कार्यक्रम घरच्यांशी बोलून केलेले असतात, मेलेल्या माणसाला आधी माणूस म्हणून उभं करतात, पोलिसांनी काय सोडलं ते विचारतात, आणि काही कुटुंबं तर स्वतःच पुढे येतात कारण केस विसरली जाऊ नये असं त्यांना वाटतं. हा फरक ऐकणाऱ्याला दहा मिनिटात कळतो. आणि एक विचार करा की कुणाच्या गोष्टी आपल्यापर्यंत येतच नाहीत. अमेरिकन पत्रकार ग्वेन आयफिल यांनी 2004 मध्ये बोलून दाखवलं होतं की गोरी बाई हरवली की सगळी चॅनेल्स धावतात, बाकीच्यांचं काय. गरीब, काळ्या, देहविक्री करणाऱ्या बायकांच्या केसेस वर्षानुवर्षं पडून राहतात आणि कित्येक सिरीयल किलर त्यामुळेच इतकी वर्षं मोकळे राहिले, त्यांच्या अफाट बुद्धीमुळे नाही.

घरबसल्या तपास करणाऱ्यांबद्दल एकच. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात 1970 आणि 80 च्या दशकातल्या खुनांसाठी जोसेफ डीअँजेलो पकडला गेला तो लोकांनी स्वतःहून टाकलेल्या वंशावळीच्या डीएनए साइटमुळे, मान्य, पण ते काम प्रशिक्षित लोकांनी पोलिसांबरोबर केलं. उलट 2013 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटानंतर ऑनलाइन लोकांनी फोटो जुळवून एका हरवलेल्या विद्यार्थ्याला दोषी ठरवलं, त्याच्या घरच्यांना छळलं, आणि तो मुलगा त्याआधीच मरण पावला होता, त्याचा काही संबंध नव्हता. कुतूहल ऐकण्यापर्यंत ठेवा, बोट दाखवायला जाऊ नका.

मग काळजी कधी करायची. किती तास ऐकता हे मी फारसं विचारत नाही. मी विचारते की ऐकून झाल्यावर तुम्ही काय करता. झोपता, कामाला लागता, कुणाशी तरी बोलता, तर ठीक. पण परत उठून कुलूपं तपासता, एकटं बाहेर जाणं टाळायला लागलात, भाजी आणायला जातानाही मागे वळून बघता, स्वप्नं पडतात, किंवा उलट काहीच वाटेनासं झालंय आणि मुलाचा खून ऐकतानाही भांडी घासत राहता, तर महिनाभर थांबवून बघा. थांबवल्यावर चिडचिड आणि रिकामपण फार वाटलं तर ते पॉडकास्टमुळे नाही, त्याच्या खाली जे दाबून ठेवलं होतं ते वर आलंय, आणि मग समुपदेशकाकडे जायला हरकत नाही. ज्यांच्यावर स्वतः हल्ला झालाय त्यांनी आपल्यासारखीच केस आली की ऐकायची की नाही हे आधी ठरवावं, वर्णन वाचून, मधे अडकू नये.

तुमच्यासाठी म्हणाल तर झोपेसाठी जुने, आधी ऐकलेले एपिसोड लावा, टायमर लावून, कारण नव्यात फट उघडी राहते आणि डोकं जागं राहतं. नवे दिवसा ऐका. नवऱ्याला जमलं तर एखादा सोबत ऐकवा आणि त्याला विचारा की तुला काय वाटलं तिने काय करायला हवं होतं, या गप्पांमधून त्याला कळेल तुम्ही काय शोधताय ते. आणि हे तुम्हालाच असं नाही, वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, एखादा एपिसोड ऐकताना, गोष्टीतल्या माणसाच्या वागण्याच्या वर्णनात, तो फोन तपासतो, तो पैसे मोजून देतो, तो रागात गळा धरतो, असं काही कानावर पडलं आणि आपल्याच घरातलं वाटलं, तर एपिसोड तिथेच थांबवा आणि हिंसेत मदत करणाऱ्या हेल्पलाइनशी किंवा विश्वासातल्या माणसाशी बोला, आणि तुमचा फोन कुणी बघत असेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून.